एडिटरची नवी बीटा आवृत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, दापोली, मालवण, कणकवली अशा ठिकाणांहून आमच्या संगणकावरच्या मराठी मजकूर एडिटरची बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची आवृत्ती, तपासायला नावं दिलेल्या मंडळींसाठी हे पान आहे. फोनवर आणि ग्रुपवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. क्रमाने वाचायची गरज नाही. मात्र फाईलची प्रत ठेवण्याबद्दलचं उत्तर वाचल्याशिवाय बीटा उतरवून घेऊ नका. बाकीचं सवडीने.

बीटा म्हणजे नक्की किती कच्चं?

वापरता येईल इतकं पक्कं, भरवसा टाकू नये इतकं कच्चं. या आवृत्तीत जे द्यायचं ठरलं होतं ते सगळं आत आलेलं आहे. आता नवीन काही घालायचं नाही, मोडलेलं तेवढं दुरुस्त करायचं. बीटाच्याही आधीच्या अल्फा आवृत्तीत काही बटणं नुसती शोभेला असली तरी चालतं. बीटात प्रत्येक बटणाने आपलं काम करायला हवं. करत नसेल तर तो बग, आणि तो आम्हाला कळवायचा. कोकणात राहून अढीतल्या आंब्याची उपमा कुणी ना कुणी देणारच, म्हणून आधीच सांगतो: आंबा अढीत आपोआप पिकतो, बीटा कुणी वापरल्याशिवाय पिकत नाही.

मग कधी निघणार?

तारीख देत नाही, अटी सांगतो. पहिली अट: लिहिलेला मजकूर हरवेल असा एकही उघडा बग यादीत नको. दुसरी: मेनूतले शब्द गोठलेले हवेत, कारण भाषांतर करणाऱ्यांना वेळ मिळायला हवा आणि शेवटच्या रात्री कुणी 'उघडा'चं 'खोला' केलेलं नको. तिसरी: विंडोज आणि लिनक्स, दोन्हींचे इन्स्टॉलर कोऱ्या मशीनवर चढवून पाहिलेले हवेत. बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळंच चालतं, त्यात काही विशेष नाही.

बटणाचा रंग चुकला, एखादी खिडकी भलत्या जागी उघडली, डार्क मोडमध्ये ओळींचे आकडे दिसत नाहीत, असल्या कारणांनी बीटा अडवणार नाही. त्यांची यादी बीटासोबतच जाईल, 'हे आम्हाला माहीत आहे' या मथळ्याखाली. कळवण्याआधी ती यादी एकदा बघा.

आणि हो, गणपतीच्या आठवड्यात किंवा शिमग्यात काहीही निघणार नाही. बीटा निघाली की पहिले तीन-चार दिवस कुणीतरी उत्तर द्यायला बसलेलं लागतं. त्या दिवसांत इथे कुणी बसत नाही, बसूही नये.

यावेळी त्यात नवं काय आहे?

कर्सर आता मराठी अक्षराप्रमाणे चालतो. शोधताना एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखावटी सापडतात. जुन्या फॉन्टमधली फाईल उघडली तर एडिटर ती ओळखून इशारा देतो. आणि लाईट गेल्यावर मजकूर परत मिळण्याची व्यवस्था पूर्ण नव्याने लिहिली आहे. या चारही गोष्टींवर खाली वेगळी उत्तरं आहेत, कारण प्रश्नही त्यांवरच जास्त येतात.

कर्सर अक्षराप्रमाणे चालतो म्हणजे? आधी कसा चालायचा?

'रत्नागिरी' हा शब्द घ्या. आपल्याला त्यात चार अक्षरं दिसतात: र, त्ना, गि, री. संगणकाच्या लेखी मात्र तिथे नऊ खुणा आहेत: र, त, हलन्त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे डिस्कवर हा शब्द सत्तावीस बाइटचा. आपण डावा बाण दाबतो तेव्हा कर्सरने यांतलं काय मोजायचं, हा सगळा घोळ.

कुठल्या खुणा मिळून वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक अक्षर होतं, याचे नियम युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या मानकाने, घालून दिलेले आहेत. जुन्या नियमांत काना-मात्रा आपल्या व्यंजनाला चिकटलेली असायची, पण जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं. त्यामुळे 'रत्नागिरी'चे पाच तुकडे व्हायचे आणि कर्सर 'त्' आणि 'ना' यांच्या मधे जाऊन उभा राहायचा. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये यावर नवा नियम आला: देवनागरीसारख्या काही लिप्यांत हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकत्र धरायची. या बीटात आम्ही तो नियम लावला आहे.

तपासायचं असेल तर 'स्वातंत्र्य' लिहा आणि शेवटापासून डावा बाण दाबत या. खुणा अकरा आहेत, पण तीनदा दाबल्यावर शब्दाच्या सुरुवातीला पोचायला हवं. तसंच 'राष्ट्र', 'कुऱ्हाड', 'उच्छ्वास'. देवगडकरांनी निदान या चाचणीपुरतं गावाचं नाव बाजूला ठेवावं. त्यात जोडाक्षरच नाही, बग दिसणार कुठून?

पण बॅकस्पेस दाबलं तर अख्खं अक्षर जात नाही. हा बग ना?

नाही, हे जाणूनबुजून ठेवलंय. 'क्षी' लिहायचं होतं आणि चुकून 'क्षि' झालं, तर फक्त वेलांटी काढून दुसरी घालता यायला हवी. अख्खं अक्षर पुसून पुन्हा क, हलन्त, ष टाइप करायला लावलं तर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर लिहिणारी माणसं आम्हाला शिव्या घालतील, आणि त्यांचं चुकणार नाही. म्हणून बॅकस्पेस मागची एकच खूण खातं. डिलीट मात्र पुढचं अख्खं अक्षर घेतं, कारण अक्षराच्या डोक्यावरून व्यंजन उडवून नुसती वेलांटी मागे ठेवण्यात काहीच अर्थ नाही. ही सवय बहुतेक प्रोग्रॅममध्ये अशीच असते. कुठे याच्या उलट होताना दिसलं तर तो बग, तो जरूर कळवा.

शोधताना काही शब्द सापडत नसत. ते सुधारलं का?

बरंचसं. इथे थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण नेमकं याच भागात आम्हाला तुमच्या खऱ्या फाईली हव्या आहेत.

'दऱ्या' हा शब्द पडद्यावर सारखाच दिसेल असा तीन तऱ्हांनी लिहिता येतो. सरळ मार्ग म्हणजे युनिकोडमधलं ०९३१ क्रमांकाचं ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त आणि य. तिसरा, जुन्या काळापासून चालत आलेला: साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य. कीबोर्ड बदलला की लिखावट बदलते आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पहिल्या दोन लिखावटी युनिकोड समान मानतं, त्यामुळे त्यांचा मेळ घालणं सोपं. तिसरी त्या हिशेबात बसत नाही. तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. आणि हे सगळं करताना समुद्राचा 'दर्या' सापडता कामा नये, कारण तो वेगळाच शब्द आहे. आपल्याकडे डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला दुसरं असल्यामुळे एकाच पानावर दोन्ही येण्याची शक्यता भरपूर.

ॲ ची कथा निराळी. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवत, आणि बरेच कीबोर्ड अजूनही तेच करतात. हिंदीच्या कीबोर्डवरून लिहिणारे ऍ वापरतात. एकाच कार्यालयातल्या दोन टेबलांवर 'ॲडव्हान्स' दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो आणि मग नोंद सापडत नाही म्हणून वाद होतात. आता शोधताना तिन्ही एक धरले जातात.

शोधताना एक धरतो, पण फाईलमध्ये काहीही बदलत नाही. तुम्ही जे लिहिलंय ते सेव्ह करताना खूण न् खूण तसंच राहील. 'सगळं एकसारखं करून टाका ना' अशी सूचना आली होती. ती मान्य केली नाही. एडिटरने मालकाच्या नकळत मजकुराला हात लावायचा नाही, ही आमची एक हट्टाची गोष्ट आहे. ज्याला हवं असेल त्याने 'शोधा आणि बदला' वापरून स्वतःच्या हाताने करावं.

माझ्या खऱ्या कामासाठी बीटा वापरू का?

वापरा. प्रत ठेवून वापरा, पण वापरा.

'अबकड अबकड' लिहून, दोनदा सेव्ह करून 'मस्त चालतंय' असं कळवणारे खूप असतात. त्यांचे आभार, पण त्याने काही कळत नाही. बग सापडतात ते खऱ्या फाईलींत. आंबा बागायतदाराची पेट्यांची यादी असते: नाव, गाव, पाच डझनी की सहा डझनी, कुठल्या गाडीने गेली, पैसे आले की नाही, वर्षानुवर्षं त्याच फाईलच्या शेवटी भर पडत गेलेली, मधेच कुणाचातरी व्हॉट्सॲपवरून चिकटवलेला पत्ता, त्यात इमोजी. शाळेतल्या बाईंची प्रश्नपत्रिका असते, तिच्यात अपूर्णांक आणि रिकाम्या जागांच्या लांबलचक रेघा. जाखडीची गाणी लिहिणाऱ्या शाहिराची वही असते, तिच्यात एकेक ओळ चार ठिकाणी दुमडलेली आणि दंड, दुहेरी दंड, स्वल्पविराम यांची मनसोक्त उधळण. असल्या फाईली आम्ही घरी बसून बनवू शकत नाही.

प्रत कशी ठेवायची? ज्या फोल्डरमध्ये काम करता तो अख्खा फोल्डर कॉपी करा, नावापुढे तारीख लिहा आणि ती प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. त्याच डिस्कवर ठेवलेली प्रत ही निम्मी प्रत. डिस्क गेली की दोन्ही गेल्या. पेन ड्राइव्ह चालेल, दुसरा संगणक चालेल. आठवड्यातून एकदा नवी प्रत घ्या, पण जुनीवर चढवू नका. फाईल आठ दिवसांपूर्वीच बिघडली होती हे आज लक्षात आलं, तर कालची प्रत काय कामाची?

ज्या फाईलवर उद्याचं काम अडून आहे, म्हणजे उद्या छापायला जाणारी लग्नपत्रिका किंवा ग्रामसभेचं इतिवृत्त, ती बीटात उघडू नका. जुनी आवृत्ती त्यासाठीच ठेवायची आहे.

जुनी आवृत्ती काढून टाकावी लागेल का?

अजिबात नाही. बीटा वेगळ्या फोल्डरमध्ये बसते आणि तिच्या सेटिंग्जही वेगळ्या राहतात. दोन्ही एकत्र सुखाने नांदतात. फक्त एकच फाईल एकाच वेळी दोन्हींत उघडू नका.

लिहिता लिहिता लाईट गेली तर?

पावसाळ्यात हा प्रश्न नव्हे, दिनक्रम आहे. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या समजून घ्या.

पहिली, सेव्ह होत असतानाच लाईट जाणं. साध्यासुध्या प्रोग्रॅममध्ये सेव्ह म्हणजे आधी जुनी फाईल रिकामी करायची आणि मग नवा मजकूर भरायचा. या दोहोंच्या मधे वीज गेली की हातात शून्य बाइटची फाईल उरते. नाव आहे, आत काही नाही. आमचा एडिटर मूळ फाईलला हात लावत नाही. शेजारी एक तात्पुरती फाईल करतो, सगळा मजकूर तीत लिहितो, तो खरोखर डिस्कवर उतरल्याची ऑपरेटिंग सिस्टिमकडून खात्री करून घेतो आणि मग तात्पुरत्या फाईलला मूळ फाईलचं नाव देतो. आधुनिक फाईल सिस्टिमवर हे नाव देणं एका फटक्यात होतं, त्यात अर्धवट काही राहत नाही. त्यामुळे लाईट कधीही गेली तरी तुमच्याकडे एकतर जुनी पूर्ण फाईल असेल किंवा नवी पूर्ण फाईल.

हे पेन ड्राइव्हवर तितकंसं खरं नाही. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार केलेले असतात आणि अर्धवट राहिलेलं काम सावरणारी नोंदवही त्यांत नसते. पेन ड्राइव्हवरची फाईल थेट उघडून काम करणं थांबवा. मशीनवर आणा, काम करा, परत टाका.

दुसरी गोष्ट, सेव्ह न करता लिहीत असताना लाईट जाणं. यासाठी एडिटर वेगळी रिकव्हरी फाईल ठेवतो आणि तुम्ही लिहिताना थांबलात की ती अद्ययावत करतो. मशीन पुन्हा सुरू केल्यावर एडिटर उघडला की 'न सेव्ह केलेला मजकूर सापडला' असं विचारेल. तिथे दोन्ही मजकूर शेजारी दिसतात. घाईने 'टाकून द्या' दाबू नका.

काही प्रोग्रॅम अशा रिकव्हरी फाईली थोड्या दिवसांनी आपोआप पुसतात. आम्ही पुसत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. ज्याचं मशीन इतके दिवस बंद राहिलं त्याने ते चालू केल्यावर 'तुमची मुदत संपली' म्हणणारा एडिटर काय कामाचा! तुम्ही स्वतः पुसेपर्यंत ती फाईल राहते.

मग तपासायला प्लग खेचू का?

नको. डिस्कचं नुकसान करून आमचा बग सापडला तर सौदा महागात पडेल. काहीतरी लिहा, सेव्ह करू नका, टास्क मॅनेजरमधून एडिटर बंद पाडा, पुन्हा उघडा. शेवटचं किती लिखाण गेलं ते पाहा. एखादा शब्द गेला तर ठीक. परिच्छेद गेला तर लगेच कळवा. लाईट आपली आपण जाईल तेव्हा जे घडेल तेही लिहून ठेवा. त्या चाचणीची सोय इथे वेगळी करावी लागत नाही.

फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत टाइप केलेल्याचं मराठी करून देणारा) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम पाहावी. त्यात शब्द पुरा होईपर्यंत तो खाली रेघ असलेल्या कच्च्या अवस्थेत असतो आणि त्याच क्षणी रिकव्हरी फाईल लिहिली गेली तर शब्द अर्धा उतरण्याचा धोका असतो. इनस्क्रिप्टवर ही भानगड नाही, कारण दाबलेली कळ थेट अक्षर होते. दोन्ही प्रकारचे चाचणी करणारे आम्हाला म्हणूनच हवे आहेत.

जुनी फाईल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. बिघडली का?

बिघडलेली नाही. ती कृतिदेव, शिवाजी अशा एखाद्या जुन्या फॉन्टात लिहिलेली असणार. त्या फाईलमध्ये मराठी कधी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक होते आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवायचा. फॉन्ट बाजूला केला की खरं रूप दिसतं. छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत अशा फाईलींचे ढीग आहेत.

एडिटर अशी फाईल आता ओळखतो आणि वर एक पिवळी पट्टी दाखवतो. युनिकोडमध्ये रूपांतर मात्र करत नाही. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, आणि पहिली वेलांटी त्यात व्यंजनाच्या आधी बसवलेली असते. ती उचलून मागे नेताना जोडाक्षर आलं की चुका होतात. अर्धंमुर्धं रूपांतर करण्यापेक्षा न केलेलं बरं. पट्टी दिसली की फाईल न बदलता बंद करा आणि तिची प्रत आम्हाला पाठवा. पट्टी दिसायला हवी होती आणि दिसली नाही, तर तीही पाठवा.

अक्षराजागी चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं.

चौकोन म्हणजे त्या फॉन्टात ते अक्षरच नाही. नोटो, मुक्ता किंवा विंडोजवर मंगल लावून पाहा. ठिपक्यांचं वर्तुळ म्हणजे काना-मात्रा आहे, पण तिला धरायला व्यंजन नाही. बहुधा टाइप करताना क्रम चुकला किंवा वेलांटी दोनदा पडली. फॉन्ट बदलूनही वर्तुळ तसंच राहिलं तर मजकुरात दोष आहे. एका फॉन्टात येतं आणि दुसऱ्यात येत नाही, असं असेल तर ते आम्हाला हवंय.

यादीतले रकाने सरळ येत नाहीत.

येणारही नाहीत. इंग्रजीत सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असलेले फॉन्ट असतात. देवनागरीत 'र' आणि 'क्ष' एका रुंदीत बसवले तर वाचवणार नाहीत. स्पेस मारमारून रकाने जुळवू नका, टॅब वापरा. हिशेब करायचा असेल तर स्प्रेडशीट वापरा, एडिटरला छळू नका.

मी मालवणीत लिवतंय. चलात काय?

चलात तर! लिपी तीच, त्यामुळे एडिटरला फरक पडत नाही. शुद्धलेखन तपासणी तेवढी बंद करा, नाहीतर अख्खं पान लाल रेघांनी भरेल. ती प्रत्येक फाईलसाठी वेगळी बंद करता येते. एकदा बंद केली की त्या फाईलपुरती बंदच राहायला हवी. राहत नसेल तर कळवा, मालवणीतून कळवलंत तरी हरकत नाही.

विंडोज म्हणतं की हा प्रोग्रॅम धोकादायक असू शकतो.

नव्या, फारशा न उतरवलेल्या प्रोग्रॅमला विंडोज असा इशारा देतं. त्याचा अर्थ 'आम्ही याला ओळखत नाही' इतकाच आहे. पण म्हणून डोळे झाकून पुढे जा असं आम्ही सांगणार नाही. डाउनलोड पानावर प्रत्येक फाईलसोबत एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळखखूण, दिली आहे, चौसष्ट अक्षर-अंकांची. ती काढायची आज्ञाही तिथेच आहे. तुमच्या मशीनवर निघालेली बेरीज आणि पानावरची बेरीज तंतोतंत जुळली, तरच इन्स्टॉल करा. एखादं अक्षर जरी वेगळं असेल तरी फाईल पुसा आणि पुन्हा उतरवा. अँटिव्हायरस बंद करून काहीही चढवू नका.

गावात नेट मिळत नाही. कुणाकडून व्हॉट्सॲपवर घेतली तर?

व्हॉट्सॲपवर फिरणारी इन्स्टॉलर फाईल कुणीही, कुठूनही टाकलेली असते, घेऊ नका. तालुक्याच्या गावी जाणाऱ्या माणसाकडून पेन ड्राइव्हवर मागवा आणि बेरीज फोनवर पानावरून पाहून जुळवा. ती जुळली की फाईल कुठून आली याने फरक पडत नाही. चढवल्यानंतर एडिटरला नेटची गरज नाही आणि तो तुमच्याबद्दलची कसलीही माहिती परस्पर कुठे पाठवत नाही. म्हणूनच बग तुम्हालाच कळवावे लागतात.

बग कसा कळवायचा?

'चालत नाही' असं कळवू नका. 'हँग होतं' हेही जवळपास तेच. आमच्या टेबलावर तोच बग पुन्हा घडवता आला तर तो निम्मा सुटला. घडवता आला नाही तर तो आठवडेच्या आठवडे पडून राहतो.

उपयोगी पडणारी नोंद साधारण अशी असते: 'बीटा १, विंडोज १०, इनस्क्रिप्ट, फॉन्ट मंगल. नवी फाईल उघडून कुऱ्हाड लिहिलं. शेवटापासून डावा बाण दोनदा दाबला. कर्सर ऱ् आणि हा यांच्या मधे थांबला, कु च्या नंतर थांबायला हवा होता. दुसऱ्यांदा केलं तरी तसंच.' बस्स, इतकंच. आवृत्ती, मशीन, कीबोर्ड, फॉन्ट, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. रागावलेलं वाक्य शेवटी घातलंत तरी चालेल, पण आधी हे.

फाईल मोठी असेल आणि बग तीतच दिसत असेल, तर तिची प्रत घ्या आणि प्रतीतला खालचा निम्मा भाग उडवा. बग अजून दिसतो? मग उरलेल्यातला निम्मा उडवा. दिसत नाही? मग उडवलेला भाग परत घ्या आणि दुसरा उडवा. असं करत गेलात की हजारो ओळींची फाईलही थोड्या वेळात दोन-तीन ओळींवर येते. त्या ओळी सोन्याच्या. वर गिऱ्हाइकांचे नंबर आणि येणी-देणीही आपोआप गळून पडतात. उरली असतील तर नावांच्या जागी दुसरी नावं घाला, फक्त बग कायम आहे ना ते बघा.

मजकूर मेसेजमध्ये चिकटवून पाठवू नका, वाटेत त्यातल्या न दिसणाऱ्या खुणा गळू शकतात. फाईल झिप करून पाठवा, सोबत स्क्रीनशॉट. मोबाईलने पडद्याचा तिरका फोटो काढून पाठवलात तर काहीच न पाठवण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणू.

आवृत्तीचे आकडे कसे वाचायचे?

तीन आकडे असतात: पहिला बदलला म्हणजे मोठी उलथापालथ, दुसरा म्हणजे नवी सोय, तिसरा म्हणजे नुसती दुरुस्ती. पुढे 'बीटा' लागलं असेल तर ती त्याच क्रमांकाच्या पक्क्या आवृत्तीच्या आधीची. बीटा २ पेक्षा बीटा ११ नवी, पण फोल्डरमध्ये काही वेळा ११ आधी दिसते, कारण तिथे आकडे अक्षरांसारखे लावलेले असतात. मदत मेनूतल्या 'माहिती'मध्ये जो क्रमांक दिसतो तोच खरा माना.

विंडोजवरची फाईल लिनक्सवर नेली तर ओळी बिघडतील का?

नाही. विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा लिहितं, लिनक्स एक. एडिटर फाईलमध्ये जे आहे तेच पुढे चालवतो. विंडोजच्या नोटपॅडलाही २०१८ पासून लिनक्सच्या ओळी कळतात.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. उपयोग आहे का माझा?

प्रोग्रॅमिंग येणारे आमच्याकडे आहेत. दिवसभर मराठीत लिहिणारे कमी आहेत.

मोबाईलवर येणार का?

सध्या नाही.

बीटा नको झाली तर बाहेर कसं पडायचं?

नेहमीसारखी अनइन्स्टॉल करा. तुमच्या फाईली साध्या मजकुराच्या आहेत, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतील. अनइन्स्टॉल करताना रिकव्हरी फोल्डर पुसायचा का असं विचारेल. आधी तो उघडून, आत सेव्ह न केलेलं काही राहिलं नाही ना हे पाहा आणि मगच 'हो' म्हणा.